‘मध काढा’

बेव्हर्ली पाइक यांनी चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघराची किल्ली परत केल्याचं मार्लीन ड्यूबेला सोमवारी सकाळी मेलमधून कळलं. मेल चार ओळींची होती. माझं वय झालं, मला आता हे जमत नाही, त्रेचाळीस जणांच्या जेवणाची यादी मी स्वतःच्या हाताने पुसली, तेव्हा कोणीतरी तरुण माणूस बघा. मार्लीनने ती दोनदा वाचली आणि तिचं डोकं फिरलं. चूक बेव्हर्लीची नव्हतीच. चूक एका बटणाची होती, आणि त्या बटणाला सतरा वर्षं कोणी हात लावू देत नव्हतं.

‘मोहोळ’ हा प्रोग्रॅम फुकट आहे आणि सगळ्यांना खुला आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना घरपोच जेवण देणारी दोनेकशे छोटी स्वयंपाकघरं, अमेरिकेतल्या व्हरमाँटपासून थेट कॅनडातल्या नोव्हा स्कोशियापर्यंत, त्यावर चालतात. तो लिहिला ऑरिन टास्करने. ऑरिनला मधमाश्यांचं वेड, त्यामुळे प्रोग्रॅममध्ये यादीला म्हणायचं पोळं, नोंदीला म्हणायचं माशी, आणि काम संपवून बंद करायचं तर ‘धूर द्या’. पहिल्या दिवशी लोक हसतात आणि दुसऱ्या दिवसापासून मार्लीनला मेल करतात. शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यापासून त्या मेलना उत्तरं द्यायचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं होतं.

बेव्हर्लीला गुरुवारी गाडीवाल्यांसाठी यादीची छापील प्रत हवी होती. पडद्यावर ‘मध काढा’ असं बटण होतं, ते तिने दाबलं. प्रत निघाली, पण कुठल्याशा कोपऱ्यातल्या फाइलमध्ये जाऊन बसली, आणि पडद्यावरचं पोळं रिकामं झालं. घाबरून तिने तेच बटण पुन्हा दाबलं. मग रिकाम्या यादीची प्रत आधीच्या प्रतीवर बसली आणि सहा वर्षांच्या नोंदी गेल्या. कोणाला साखर चालत नाही, कोणाला मागच्या दारातून हाक मारावी लागते, कोणाचा कुत्रा चावतो, सगळं त्यात होतं. त्या दिवशी मधुमेह असलेल्या एका आजोबांना ‘ॲपल पाय’ हा सफरचंदाचा गोड पदार्थ गेला. त्यांनी तो चाटूनपुसून खाल्ला ही गोष्ट वेगळी.

हे नाव बदलायचा प्रयत्न याआधी तीनदा झाला होता. तीनही वेळा एकच झालं. अवघड विषयावर तोंड न उघडणारे सगळे लोक नावाच्या गोष्टीवर मात्र तुटून पडले. सुरक्षिततेच्या मोठ्या बदलावर दोन मतं आली होती, बटणाच्या नावावर एकशे चौदा. कोणी ‘मध गाळा’ सुचवलं, कोणी ‘पोळं उतरवा’, एकाने तर मधाच्या रंगाच्या चिन्हाचं चित्रच काढून पाठवलं. शेवटी सगळे दमले आणि बटण जागच्या जागी राहिलं.

म्हणून या वेळी मार्लीनने प्रस्ताव दोन ओळींत लिहिला. एका बटणाची दोन बटणं करायची: ‘प्रत काढा’ आणि ‘यादी रिकामी करा’. खाली तिने एवढंच जोडलं, ‘याहून चांगली नावं सुचत असतील तर कृपया स्वतःजवळ ठेवा.’

नियम जुना होता. प्रस्ताव सात दिवस उघडा ठेवायचा. कोणी काही बोललं नाही तर तो मंजूर. पण एकाने जरी ‘उणे एक’ लिहून कारण दिलं, तर सगळं तिथेच अडलं. सोमवारी दुपारी बारा वाजता तिने प्रस्ताव टाकला. मंगळवारी न्याहारीच्या आतच ऑरिनचं ‘उणे एक’ आलं. कारण: ‘सतरा वर्षांची सवय आहे. मध काढला की पोळं रिकामं होणार, हे शेंबडं पोरही सांगेल.’

बुधवारी दुपारी व्हिडिओवर बैठक झाली. हॅलिफॅक्सचा ड्वेन मॅकआयझॅक सँडविच खात बसला होता. तो प्रोग्रॅमची दुरुस्ती बघायचा आणि भांडणांपासून चार हात लांब राहायचा. मार्लीनने बेव्हर्लीची मेल वाचून दाखवली. 

“वाईट झालं, मी नाही म्हणत नाही,” ऑरिन म्हणाला. “पण मार्लीन, मदतीच्या पानावर सगळं लिहिलंय ना. लोक वाचत नाहीत, त्याला मी काय करू?”

“बाई चाळीस जणांचा स्वयंपाक करत होती, ऑरिन. तुझं पान कधी वाचणार? बटाटे सोलता सोलता?”

“मग काय, प्रत्येक गोष्ट बाळबोध करायची?”

“हो, करायची.”

ड्वेनने घास गिळला. “एक सांगू का? आपण तिघंही रोज हे वापरतो, आपलं मत काय कामाचं? ज्याने मोहोळ कधी बघितलं नाही अशा कोणाला तरी बटण दाखवू. एकच विचारायचं, हे दाबलं तर काय होईल? शिकवायचं नाही, सुचवायचं नाही. उत्तर जसंच्या तसं लिहून आणायचं.”

“मी नोरीनला विचारतो,” ऑरिन लगेच म्हणाला. “तीस वर्षं माझ्याबरोबर माश्या सांभाळतेय. कॉम्प्युटरला बोट लावत नाही.”

झालं, मार्लीनने मनात म्हटलं. माश्या पाळणारी बायको माश्यांच्याच भाषेत उत्तर देणार, म्हणजे निकाल आधीच लागलेला. ड्वेनने न्हाव्याला विचारलं आणि सासूला, मार्लीनने शेजारच्या टपालवाल्याला. तिघंही म्हणाले, यादी मिळेल. पण ‘उणे एक’ ऑरिनचं होतं, आणि ते फक्त तोच मागे घेऊ शकत होता. शनिवार गेला, रविवार गेला, ऑरिनचा पत्ता नाही. सोमवारी सकाळी तिने बेव्हर्लीला लिहायचं पत्र सुरू केलं आणि ‘आम्हाला वाईट वाटतं’ यापुढे तिला एक शब्द सुचेना. बटण तेच राहणार असेल तर चूक तुमची नाही हे कोणत्या तोंडाने लिहायचं?

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी ऑरिनचं उत्तर आलं.

‘नोरीनला शुक्रवारीच विचारलं. तीन दिवस मी तिच्याशी वाद घालतोय, म्हणून उशीर. ती म्हणाली, यादी हातात येईल. मी म्हटलं, आणि पोळ्यातली? ती म्हणाली, ती राहील की. मी म्हटलं, कशी राहील, मध काढला ना? त्यावर ती जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो, कारण तसं ठरलंय. “अरे बाबा, सगळा मध कोण काढतं? हिवाळ्यापुरता माश्यांना ठेवतोच ना आपण? सगळा काढला तर त्या मरतील. तीस वर्षांत तू एकदा तरी पोळं रिकामं केलंयस का?” नाही केलं. उणे एक मागे घेतो.’

खाली ड्वेनने फक्त वर केलेल्या अंगठ्याचं चित्र टाकलं.

मग वीस मिनिटं मार्लीन पडद्यासमोर बसून राहिली. आता कोणीतरी येणार, ‘प्रत’ऐवजी ‘नक्कल’ म्हणू या म्हणणार, आणि पुन्हा एकशे चौदा मतं. पण कोणी आलं नाही. बारा वाजले. प्रस्ताव हिरवा झाला, म्हणजे मंजूर. तिने इतका मोठा श्वास सोडला की शेजारच्या खोलीतून नवऱ्याने विचारलं, काय झालं गं? “काही नाही,” ती म्हणाली, “सगळे गप्प बसले,” आणि तिला हसू आवरेना.

तिने पत्र बाजूला सारलं आणि सरळ फोन लावला.

“बेव्हर्ली, मी मोहोळवाली मार्लीन. ते बटण आम्ही काढून टाकलं. पुढच्या महिन्यापासून कोणालाच दिसणार नाही.”

“माझ्यामुळे?” बेव्हर्लीचा आवाज बारीक झाला. “एका म्हातारीच्या वेंधळेपणापायी एवढा खटाटोप कशाला केलात?”

“एका नाही. मी जुन्या मेल मोजल्या. तुमच्याआधी साठ जणांनी तेच केलंय. त्यांत एक हिशेबनीस आहे, दोन नर्स आहेत. चूक आमची होती, बेव्हर्ली. तुमची नव्हती.”

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“साठ?” बेव्हर्ली म्हणाली. “आणि मी दहा दिवस पोरांनासुद्धा सांगितलं नाही. वाटलं, डोकंच जायला लागलंय.”

“तुमचं डोकं ठणठणीत आहे.”

“मग चल, फोन ठेवते,” ती म्हणाली. “किल्ली चर्चवाल्यांनी दुसऱ्या कोणाला द्यायच्या आत मला जायला हवं.”