नजराण्याचा रुपया

संताजीरावांनी पांढऱ्या रुमालावर रुपया ठेवला, रुमाल दोन्ही तळव्यांवर धरला आणि साहेबांच्या टेबलासमोर कमरेत वाकले. पागोटं त्यांनी सकाळी दोनदा बांधलं होतं, पहिल्यांदा जरा कललं म्हणून.

"ये क्या है?" तिवारीसाहेबांनी खुर्ची मागे सरकवली.

तुकोगंजातल्या या कचेरीत साहेब नवे होते. अलाहाबादेत शिकलेले, वयानं संताजीरावांच्या नातवाएवढे. दरबारात अर्जदार रिकाम्या हातानं जात नसे. रुपया पुढे करायचा, धन्यानं त्याला बोट लावून तो परत द्यायचा, मग गाऱ्हाणं ऐकायचं. हे साहेबांना कोण सांगणार? आणि संताजीरावांना वाटे, यात सांगायचं ते काय!

पागेतल्या स्वारांची एकोणचाळीस घरं. आठ वर्षांपूर्वी दरबारनं जागा घेतली, वस्ती उठवली आणि सनदेत लिहून दिलं, की नवी जागा देऊ, घर बांधायला भत्ता देऊ. पुढे राज्यच मध्यभारतात विलीन झालं आणि सनद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. तीन वर्षं संताजीरावांनी तिच्यामागं चपला झिजवल्या. आज सही व्हायची होती.

"रिश्वत?" साहेबांचा आवाज चढला. "पूरी बस्ती ने चंदा करके भेजा है क्या? ऐसा है तो पूरा क्लेम खारिज!"

कोपऱ्यातले कारकून चिंतामणराव याच शहरातले. त्यांनी धीर करून म्हटलं, "सर, ये पुराना रिवाज है. छूकर लौटा देते हैं, बस."

"यही रिवाज तो बंद करने हैं."

माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. वाईट असता तर रुपया मुकाट खिशात गेला असता आणि काम झालं असतं!

रुपया वस्तीचाच होता. घरटी वर्गणी काढून जुन्या शेजारीण द्वारकाबाईंनी तो खास चांदीचा मिळवला होता. संताजीरावांचे कान तापले. उभ्या आयुष्यात त्यांना कुणी लबाड म्हटलं नव्हतं, आणि आता म्हणवून घ्यायचं, तेही या पोराकडून.

"मेरा है," ते म्हणाले. "मेरे अकेले का. बस्ती को मालूम नहीं."

चिंतामणरावांनी मान खाली घातली. साहेबांनी यादी ओढली, संताजीरावांचं नाव लाल शाईनं खोडलं आणि उरलेल्या अडतीस नावांखाली सही केली.

बडा गणपतीच्या देवळाजवळच्या भाड्याच्या खोलीत सून भानुमती वाट पाहत होती. मुलगा गेल्यापासून घरात दोघंच. मालकानं दसऱ्याच्या आत खोली रिकामी करायला बजावलं होतं. संताजीरावांनी आल्या आल्या सगळं सांगून टाकलं. तिच्यापासून काही लपवणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

"मग आपण कुठं जायचं?" भानुमतीला रडूच फुटलं. "तीन वर्षं सगळ्यांसाठी वणवण केलीत, मामंजी. आणि नाव गेलं ते तुमचंच?"

"वस्तीत बोलू नको. कळलं तर एक जण भत्त्याला हात लावायचा नाही. हट्टी माणसं आपली. म्हणतील, संताजी नाही तर आम्हीही नाही."

"म्हणू देत की! मी आत्ता जाऊन सांगते."

ती उठलीही. तेवढ्यात दारात चपला वाजल्या. चिंतामणरावांनी मंजुरीची बातमी वस्तीत पोचवली होती, तेवढीच. द्वारकाबाई पेढ्यांचा पुडा घेऊन आत आल्या. आठ वर्षं त्या सियागंजात गोदामामागच्या पत्र्याखाली पाच माणसांचा संसार रेटत होत्या.

"झालं गं बाई एकदाचं!" त्यांनी भानुमतीला मिठीच मारली. "आता माझ्या लेकरांच्या डोक्यावर पक्कं छप्पर येईल. आणि ऐक, तुमचं घर आमच्या शेजारीच हवं हां, पहिल्यासारखं. बोला ना हो भावजी!"

संताजीराव पागोट्याचे वेढे सोडवत बसले.

भानुमतीनं पदरानं तोंड पुसलं.

"छे हो," ती हसत म्हणाली, "मामंजींना आता देवळापाशीच करमतं. आणि मालक तरी कुठं सोडतोय? म्हणतो, अब कहाँ जाओगे, यहीं रहो. आम्ही काही यायचे नाही बघा."