तोंडाचं मलम टाचेला

नामा एस.टी.तून उतरला तेव्हा वैशाखऱ्याच्या थांब्यावर त्याच्या आईनेच, सुंदराने, त्याला ओळखलं नाही. दिवाळीनंतर फौजेत परत पाठवला तेव्हा पोरगा चांगला गव्हाळ होता. आता उतरला त्याचं तोंड तव्याच्या बुडासारखं काळं, नाकाचं सालपट निघालेलं, ओठ फुटलेले आणि डोळ्यांवर कल्याण स्टेशनाबाहेर घेतलेला काळा चष्मा. सुंदरा त्याच्या मागून कोण उतरतंय ते बघत राहिली. मागून कोंबड्यांची पाटी उतरली, एक म्हातारा उतरला आणि गाडी माळशेजकडे निघून गेली.

"आये, मी हाय गो," नामा म्हणाला.

"अगो बाय माझे! तुला भाजला कुनी रे?"

"बर्फानं."

आईची थट्टा करण्याची ही वेळ नव्हे असं सुंदराला वाटलं. पण घरी येऊन नामाने चष्मा काढला आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. दोन्ही डोळ्यांभोवती वाटीएवढाली दोन पांढरी वर्तुळं होती. बाकी सगळा काळा आणि मध्ये ती दोन वर्तुळं.

मग नामाने सगळं सांगितलं. पलटणीतून निवडून त्याला काश्मिरात धाडला होता. तिथे पायाला लांब लांब फळ्या बांधायच्या, हातात दोन काठ्या घ्यायच्या आणि बर्फाच्या डोंगरावरून खाली घसरत यायचं.

"आनि मग?"

"मग परत वर चढायचं."

"आनि?"

"परत घसरायचं."

"आनि सरकार याचा पगार देतंय?" सुंदरा म्हणाली. "पावसाळ्यात आपलं आख्खं गाव बांधावरून फुकट घसरतंय!"

"थंडी आसते गो, पन ऊन लई वाईट. वरून सूर्य भाजतो नि खालून बर्फाची चमक भाजते. भाकरीसारखं दोनी अंगांनी. डोळ्यावर मोठा चष्मा लावायलाच लागतो, नायतर आंधळाच होयाचा. बाकीची पोरं तोंडाला कायबाय फासतात, माझी तेवढीच जागा वाचली बघ."

एवढं बोलून त्याने ट्रंकेतून पत्र्याचा एक गोल डबा काढला. आत पांढरं, घट्ट, लोण्यासारखं मलम होतं. "ह्ये तुझ्या टाचांना आनलंय. फौजेत देतात. लई भारी आसतं."

शेतात पालापाचोळ्याचा राब भाजून भाजून सुंदराच्या टाचांना अशा भेगा पडल्या होत्या की त्यांत भाताचा दाणा पेरला असता तर उगवला असता. तिने तिथेच पाय धुऊन मलम लावलं आणि संध्याकाळपर्यंत आळीतल्या प्रत्येक बाईला टाच वर करून दाखवली. सरकारचं मलम आहे म्हणून सांगितलं. सरकारने ते कशासाठी दिलं होतं हे तिने विचारलं नाही आणि नामानेही सांगितलं नाही.

खरी पंचाईत वेगळीच होती. नामाचं लग्न ठरलं होतं. मुलगी भागीरथी, मुरबाडच्या पुढे शहापूरच्या वाटेवरच्या गावातली. नामाने तिला एकदाच, म्हशाच्या जत्रेत, घोंगडीवाल्याशी घासाघीस करताना पाहिली होती. त्या घोंगडीवाल्याने शेवटी हात जोडले, तेव्हापासून नामाच्या मनात दुसरी मुलगी नव्हती. तिकडच्यांनी मात्र नामाचा फक्त फोटो बघितला होता. म्हणून लग्नाच्या आठवडाभर आधी मुलीचा मामा देवजी येऊन नवरदेव डोळ्यांनी बघून जाणार होता. आणि देवजी म्हणजे असा माणूस, की कुणाच्या सोयरिकीत खोट काढायची असली तर चार गावचे लोक त्याला बैलगाडी पाठवून बोलावत.

सुंदराने विचार केला. चष्मा ठेवावा तर मामा म्हणणार, पोरगा चकणा आहे. काढावा तर वर्तुळं. तिने दिव्याची काजळी खोबरेलात कालवली आणि पोराला खोलीत बसवून ती पांढरी वर्तुळं बाकीच्या तोंडाला जुळवून टाकली. अंधाऱ्या खोलीत बघून तिला स्वतःच्या हाताचं फार कौतुक वाटलं.

देवजीमामा भर दुपारी आला. चैत्राचं ऊन, वर कौलं तापलेली, त्यात सुंदराने कढत चहा पुढे केला. नामा बशी तोंडाला लावून बसला आणि त्याला घाम फुटला. दोन काळे ओघळ डोळ्यांखालून निघाले, गालावरून मिशीत आले आणि तिथून टपटप चहात पडू लागले. मामा आधी सभ्यपणे कौलांकडे बघत राहिला. मग त्याला राहवेना. त्याने खांद्यावरचं उपरणं घेतलं आणि नवरदेवाचं तोंड स्वतःच पुसून काढलं.

"कोड!" मामा ओरडला. "आनि वरून काजळ फासून लपवताय!"

"बर्फ हो बर्फ! बर्फावरच्या उन्हानं..." सुंदरा म्हणू लागली.

"बर्फानं मानूस भाजतो? उद्या सांगाल, पान्यानं चूल पेटते!"

आणि चहा तसाच टाकून तो चालू लागला. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. वर्तुळं उघडी ठेवली असती तर निदान खरं बोलायला जागा राहिली असती.

आता, कोड असलेला माणूस काय माणूस नसतो? पण सोयरिकीच्या बाजारात एवढं डोकं कुणी चालवत नाही. सुंदराने तरी कुठे चालवलं होतं? दोन वर्षांपूर्वी एका पोरीच्या मानेवरचा चट्टा बघून तीच चहा न पिता उठली होती. आज ते तिला आठवलं, आणि चांगलंच बोचलं.

नामा रात्री जेवला नाही. "ऱ्हाऊदे आये," एवढंच म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. त्याच्या त्या 'ऱ्हाऊदे'ने सुंदराचं काळीज हललं. घाण आपण केली, निस्तरायलाही आपणच हवी, असं ठरवून सकाळच्या पहिल्या गाडीने ती मुरबाडला गेली. पुढे शहापूरकडे निघालेल्या एका गवताच्या बैलगाडीत जागा मिळाली. वाटभर ती देवाला विनवत होती आणि गाडीवानाला दमात घेत होती.

भागीरथीच्या अंगणात पोचली तर तिथे वेगळाच गोंधळ. चुडा भरायला सांगून ठेवलेला कासार ठरल्या दिवशी हजर झाला होता. त्याने पोरीच्या जुन्या बांगड्या उतरवल्या, तेवढ्यात मामा आदल्या दिवशीची बातमी घेऊन अंगणात शिरला. आता जुन्या बांगड्या उतरलेल्या, नवा चुडा भरायचा की नाही ते कुणी सांगेना, आणि पोरगी भुंडे हात पदराखाली लपवून बसलेली.

"कुवार पोरीचं हात आसं रिकामं ठेवू नये," कासार पुन्हा पुन्हा सांगत होता. "हिरवा भरू का साध्या भरू, काय ते येकदा बोला!"

"साध्या भर," मामा म्हणाला. "लगीन मोडलं."

"मोडलं नाय!" अंगणाच्या तोंडाशी उभी राहून सुंदरा ओरडली. सगळे वळले. भागीरथीची आई सकुबाई गडबडून उठली आणि सवयीने पाण्याचा तांब्या घेऊन आली, कारण सोयरिक मोडली तरी दारात आलेल्या बाईला पाणी द्यावंच लागतं. सुंदराने पाणी घेतलं नाही. नाक मुठीत धरून तिने सांगायला सुरुवात केली. फळ्या सांगितल्या, काठ्या सांगितल्या, वरचं ऊन, खालची चमक, भाकरी, चष्मा. "काजळ मीच फासलं, विहीनबाई. पोराचा दोष नाय. पदर पसरते, पन पोराला कोड नाय हो!"

"आसं कुठं आसतंय?" मामा म्हणाला. "झाकल्या जागी पांढरं नि उघड्या जागी काळं? आमी काय लहान पोरं?"

तेव्हा भागीरथी उठली. लग्नाच्या गोष्टीत मुलीने बोलायचं नसतं, पण ही घोंगडीवाल्याला हात जोडायला लावणारी. तिने पदराखालून दोन्ही हात काढले आणि मामाच्या नाकासमोर धरले. राबाचं ऊन खाऊन बोटांपासून कोपरापर्यंत हात रापलेले, आणि मनगटांवर, जिथे वर्षानुवर्षं बांगड्या होत्या तिथे, केळीच्या गाभ्यासारखा गोरा पट्टा.

"मामा, मलाबी कोड आलाय," ती म्हणाली. "आता त्यांनीच लगीन मोडाया पायजे."

मग कासार खो खो हसत सुटला. "आवं, माझा जलम गेला ह्ये पट्टं बघन्यात! येक बाई दावा बिनपट्ट्याची!"

मामाने मनगट चोळून बघितलं, थुंकी लावून बघितलं. काही निघालं नाही.

"दादा," सकुबाई हळूच म्हणाली, "तू जरा टोपी काढ."

"टोपीचा काय संबंध?" मामा म्हणाला. पण घाम पुसायच्या निमित्ताने त्याने ती बोटभर वर सरकवली. तिच्याखाली असं गोरंपान कपाळ निघालं की त्याच्या सख्ख्या बहिणीनेही ते लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. टोपी झटकन खाली आली.

"हिरवा चुडा भर रे," मामा कासाराला म्हणाला. "बघतोस काय?"

सुंदराला हसू आणि रडू एकदमच आलं. आता ती घटाघटा पाणी प्यायली. कासाराच्या पुढ्यात हात देऊन बसलेली भागीरथी खालच्या मानेनेच म्हणाली, "आत्याबाई, तिथं समद्यांचीच तोंडं आशी जळतात?"

"नाय गो. बाकीची पोरं तोंडाला कायबाय फासतात म्हनं. फौजेत देतात ते मलम..." बोलता बोलता सुंदरा थांबली.

मलम. पांढरं, घट्ट, सरकारचं. ट्रंकेतून आला तेव्हा डबा काठोकाठ भरलेला होता, एका बोटाचीही खूण नव्हती त्याच्यावर. हिवाळाभर पोराने तोंड भाजून घेतलं होतं आणि डबा शाबूत राखला होता. सुंदराने आपले मऊ झालेले पाय लुगड्याखाली ओढून घेतले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि लग्न जुळल्याच्या आनंदाचंच ते, असं समजून सकुबाईने तिला गूळ दिला.

संध्याकाळी घरी पोचताच तिने नामाला ओट्यावर बसवलं. "जुळलं," एवढंच सांगितलं. मग डबा आणला, उरलेलं मलम बोटांनी खरवडून काढलं आणि त्याच्या सोललेल्या नाकावर, गालांवर, फुटलेल्या ओठांवर जाड थापायला लागली.

"आये, आगो हितं बर्फ कुठंय?" नामा ओरडला. "सूर्य बी मावळला!"

"गप बस!" सुंदरा म्हणाली. "आनि येक ऐक. पुढच्या खेपंला डबा रिकामा आनायचा. भरलेला आनलास, तर घरात घेनार नाय तुला."

तोंड मलमाने भरलं होतं म्हणून नामाने नुसती मान हलवली.