कुसळवाली पेशी

सौंदडच्या यादोरावाचं पोट फुगत चाललं होतं आणि अंगातलं रक्त आटत चाललं होतं. पण तपासतो कोण? निदान आधीच ठरलेलं. सिकल! गावातल्या शिबिरात तो एकदा सिकलसेलचा वाहक निघाला, झालं. पोटातली पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढली, सिकल. दोन घासांत पोट भरलं, सिकल. आमच्याकडे एकदा का सिकल चिकटलं, की दुसरा आजार दारात उभा राहून बोंबलला तरी कुणी बघत नाही.

शेवटी मुलगी मोनाली त्याला गोंदियाला अल्का मॅडमच्या पॅथॉलॉजीत घेऊन गेली. "नुसत्या वाहकाची पाणथरी एवढी वाढत नसते," मॅडम म्हणाल्या आणि मगज काढायला त्यांनी कंबरेच्या हाडात सुई घातली. सुई कोरडी आली. पुन्हा घातली. कोरडीच!

"माय वं!" सोबत आलेल्या कुसुमबाईनं कपाळ बडवलं. "माह्या मालकाच्या हाडातही काही नाई उरलं!"

मोनालीनं आईला सावरलं. मॅडमचे डोळे मात्र चमकले. त्यांनी रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली, बराच वेळ पाहिलं आणि मोनालीला ओढलंच. "ये, बघ!"

पेशीच्या कडेनं बारीक केस होते. धानाच्या लोंबीला कुसळं असतात ना, अगदी तशी.

"रक्ताचा कॅन्सर आहे," मॅडम म्हणाल्या. "पण ही केसाळ जात वाटते. दुर्मिळ आहे, हळू चालते. यात सुई बरेचदा कोरडीच येते. आठवडाभराच्या औषधानं बहुतेकांत वर्षानुवर्षं दबून राहते. दुसरी जात निघाली, तर एवढं सोपं नाही. रक्त मुंबईला पाठवते."

मोनालीच्या जिवाला घोर लागला. हातात रोवणीचे पऱ्हे, धानाची कोवळी रोपं; मनात एकच धोशा, कुसळवाली निघू दे, कुसळवालीच निघू दे.

धानाच्या बांधीतच, भर शेतात, फोन वाजला. चिखलाच्या हातानं तिनं कानाला लावला, तर मॅडमच ओरडत होत्या, "तीच आहे मोनाली! सगळ्या खुणा जुळल्या!"

मोनाली चिखलात नाचायलाच लागली. "बाबाले कॅन्सर निघाला! कुसळवाला निघाला!"

रोवणीच्या बायांनी पऱ्हे टाकले आणि गळा काढला.

"रडून काऊन राहिल्या वं?" शेताच्या बांधावर, पाळीवर बसलेला यादोराव गरजला. "मी जिता आहो अजून! रोवा!"

संध्याकाळी कुसुमबाईनं बुद्धपौर्णिमेसारखी गंजभर खीर शिजवली. शेजारचा कवडू दारातच थबकला. "काय गा यादोराव, कॅन्सरची खीर? डोक्शे फिरले का तुमचे?"

"बस गा," यादोराव म्हणाला. "इतके दिवस कायनं मरून राहिलो, तेच मालूम नव्हतं. आता मालूम झालं, तं दवाईही भेटली. उद्या नागपूरले जातो."

दोन घासांत भरणारं त्याचं पोट कधीच भरलं होतं. तरी त्यानं वाटी पुढं केली. "वाढ वं कुसुम. आज भूक नाई, पण खातो."