कटिंग टेबलाची चरबी

जेवणाची सुट्टी झाली तरी कुणी डबा उघडला नाही. शिलाई मशिनी सोडून सगळ्या बायका कारखान्याच्या मागच्या भिंतीशी गोळा झाल्या होत्या. इस्त्रीवाले बाकावर चढून माना उंच करत होते. मधे प्लास्टिकचा टब होता आणि त्यातल्या पाण्यावर पांढऱ्या, बुळबुळीत गुठळ्या तरंगत होत्या.

"बघून घ्या," रोज सुट्टीत चरबी काढून द्यायला येणारा बाबा म्हणाला. "ही चरबी हिच्या पोटातली. वर्षानुवर्षं काळजावर बसलेली. पोटाचं ओझं उतरलं की काळजाचं कुलूप उघडतं."

जिच्यावर उपचार झाला होता ती बटणं लावणारी बाई टबाकडे अशी बघत होती, जशी काही तिथे तिची सासू बुडाली होती. लोकांनी बाबाचं नाव लोणीबाबा ठेवलं होतं. ते त्याला आवडायचं.

मी या कारखान्यात कटिंग मास्तर आहे. बाबाची रीत मी रोज लांबून बघत होतो. पडद्याआड त्याची बायको पोटावर करडा लेप थापायची, वर रुंद इलॅस्टिकची पट्टी करकचून गुंडाळायची, आणि अर्ध्या तासाने पट्टी सोडून लेपावर 'जीवनजल' नावाचं पाणी ओतायची. लेप टबात उतरला की पाण्यावर चरबी. लगेच कंबरेला टेप लावायचा. माप कमी भरलेलं असायचंच.

टेपमुळेच सगळे फसले. आम्ही मापावर जगणारी माणसं. डॉक्टरचं एक वेळ ऐकणार नाही, पण टेपचं ऐकू.

माझी बायको याच कारखान्यात शिवत असे. अंगाने इतकी बेताची, की नवा नमुना आधी तिच्या अंगावर घालून बघायचे. ती हृदयविकाराने गेली. भेटायला आलेला प्रत्येक जण एकच विचारून गेला, एवढी बारीक बाई, तिला हार्टचं दुखणं कसं? शेवटच्या वर्षात तिचे कपडे आणखी सैल झाले होते आणि मशिनीवरच्या बायका तिला म्हणायच्या, नशीबवान आहेस बाई. तिला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला नंतर समजावलं. दुबळं झालेलं हृदय माणसाला आतून झिजवतं, मांस उतरतं. न ठरवता वजन घटणं हे वाईट लक्षण होतं.

बाबाच्या कानावर हे कुणीतरी घातलं असणार. एके दिवशी तो सगळ्यांसमोर मला म्हणाला, "मास्तर, तुमच्या मंडळी वरून बारीक होत्या, पण चरबी आत लपली होती. मी तेव्हा असतो तर काढून दाखवली असती."

माझ्या हातातली कात्री थांबली. बारीक माणसाच्याही पोटात, आतड्यांभोवती चरबी साठू शकते, हे डॉक्टरीणबाईही म्हणाल्या होत्या. बाबाने त्यातलं अर्धं उचललं होतं. निखळ खोटं लगेच ओळखता येतं. हे अर्धं खरं ओळखायला जड जात होतं, म्हणून मला त्याची जास्तच शंका यायला लागली.

आणि माझी मेहुणी त्याच्या नादी लागली.

ती कापडाच्या कडा शिवणाऱ्या ओव्हरलॉकच्या मशिनीवर बसते. अंगाने जाड, आणि तिचंही हृदय कमजोर. डॉक्टरीणबाईंनी तिला गोळ्या दिल्या होत्या, त्यात अंगातलं जास्तीचं पाणी काढणारी एक. रोज सकाळी काट्यावर उभी राहा, वजन दोन-चार दिवसांत एकदम चढलं तर लगेच ये, असंही बजावलं होतं. बाबाने काटा बंद करायला लावला. काटा म्हणे मनाला भीती घालतो, टेप खरं बोलतो. मग गोळ्याही सोडायला सांगितल्या, चरबी निघतेय तर गोळ्या कशाला.

मी तिला समजवायला गेलो. ती पाय पाटावर ठेवून बसली होती आणि घोट्यावर चपलेच्या पट्ट्याचा खोल वळ होता. जिना चढताना धाप लागते का, विचारलं, तर म्हणाली, ती लहानपणापासूनच लागते.

"भावोजी, ताई बारीक असून गेली. मी जाड. मी तर केव्हाही जाणार. निदान हा माणूस काहीतरी काढून दाखवतो. तुमच्या डॉक्टरणीने काय दाखवलं?"

जाताना मी एवढंच म्हणालो, "उद्या सकाळी उठल्या उठल्या कंबर मापशील का? माझ्यासाठी."

होजिअरीचं, म्हणजे बनियनचं ताणणारं कापड गठ्ठ्यातून काढलं की आम्ही लगेच कापत नाही. ते ताणलेलं असतं. रात्रभर मोकळं पसरून विसावू देतो, मग मापतो, नाहीतर अख्खी खेप आखूड निघते. कारखान्यातल्या झाडूवालीलाही हे ठाऊक आहे. पण आवळून सोडलेल्या कंबरेला विसावू द्यावं, हे एकीलाही सुचलं नव्हतं.

सकाळी मेहुणीने कंबर मापली. तिचं तोंड उतरलं होतं. कंबर होती तिथेच आली होती, उलट थोडी वाढलीच होती. "पण टबातलं काय?" ती म्हणाली. "ते तर डोळ्यांनी बघितलं."

टबाचं मला कळत नव्हतं. मी माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना विचारलं. त्या दुपारी कारखान्यात आल्या, गर्दीत उभ्या राहिल्या, जीवनजलाचा वास घेतला आणि अगदी नम्रपणे म्हणाल्या, "बाबा, आधी या टेबलावर उपचार करा."

माझं कटिंगचं टेबल सनमायकाचं आहे. बाबा हसला आणि म्हणाला, टेबलाला पोट असतं का? बाई म्हणाल्या, नसतं, म्हणून तर बघायचंय. लोक हसायला लागले. बाबाला मागे हटता येईना. तो म्हणाला, आज मुहूर्त नाही. पण बटणंवालीने लेपाचा डबा उचलला आणि स्वतःच टेबलावर थापला. मेहुणीने जीवनजल ओतलं. खाली टब धरला.

पांढऱ्या गुठळ्या तरंगल्या. पोटातून निघाल्या होत्या तेवढ्याच.

"मास्तर, टेबलाला सांभाळा," इस्त्रीवाला म्हणाला, "त्याला हार्टचा त्रास दिसतोय."

बाईंनी पिशवीतून अंघोळीच्या साबणाचा कीस कोमट पाण्यात कालवून आणला होता. त्यात व्हिनेगर ओतलं. तशाच गुठळ्या. साबण तेलापासून बनतो, आंबट पाणी पडलं की तो फुटतो आणि त्यातला तेलकट भाग वर येतो, असं त्यांनी सांगितलं. लेप म्हणजे साबण. जीवनजल म्हणजे गुलाबपाणी घातलेलं व्हिनेगर. कातडीतून चरबी गळत नाही. गळली असती तर उन्हाळ्यात आपण सगळे काड्या झालो असतो.

गलका चालू असतानाच बाबा आणि त्याची बायको मागच्या दाराने निघून गेले. मी तिकडे बघितलं नाही. मेहुणीला रिक्षात घालून थेट दवाखान्यात नेलं. काट्यावर तिचं वजन बरंच वाढलेलं निघालं. ती चरबी नव्हती, साठलेलं पाणी होतं. आणखी थोडे दिवस गेले असते तर छातीत पाणी भरलं असतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तिला ठेवून घेतलं. गोळ्या परत सुरू झाल्या आणि घोट्यांची हाडं पुन्हा दिसायला लागली.

तिथे बाकावर बसून मी डॉक्टरीणबाईंना नीट विचारून घेतलं, ते इथे लिहितो. जाड म्हणजे मेला आणि बारीक म्हणजे वाचला, असं नसतं. पोटाचा घेर वाढला की हृदयाला धोका वाढतो, हे खरं. तो कमी करायचा तर बेताने खाऊन, चालून, सावकाश. पण सडपातळ माणसानेही रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. वजन कारण नसताना घटलं किंवा झपाट्याने चढलं, तर कौतुक किंवा टिंगल न करता डॉक्टरकडे जावं. आणि गोळी कुणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नये.

कुणी तुमच्या शरीरातून काही काढून दाखवलं, तर तेच आधी टेबलातून काढून दाखवायला सांगा. एवढं विचारायला शिक्षण लागत नाही, धीर लागतो. माझ्या मेहुणीने स्वतः जीवनजल ओतून तो दाखवला. ती आज कामावर आली आहे.