घासून गेलेलं नाव

मित्रांनो, सरकारी कागदात मला पदक म्हणतात, फौजेत मेडल म्हणतात आणि आमच्या गावात बिल्ला. मला आपलं बिल्ला हेच बरं वाटतं. जुन्या रुपयाहून थोडा मोठा, पांढरट धातूचा, एका अंगावर सिंहांची राजमुद्रा असलेला मी एक जुना बिल्ला आहे. माझी कड आज पार गुळगुळीत आहे. एके काळी तिच्यावर एका माणसाचं नाव होतं. ते कसं गेलं आणि त्याच्यामागं काय काय घडलं, ते तुम्हाला सांगतो.

माझा जन्म टाकसाळीतला. एकाहत्तरच्या लढाईत जे जवान होते, त्यांच्यासाठी आम्ही ढिगानं तयार झालो. सगळे जुळ्या भावंडांसारखे. फरक एवढाच, की प्रत्येकाच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत त्या त्या जवानाचा नंबर आणि नाव ठोकलेलं असे. माझ्या कडेवर ठोकलं, सिपाही पिराजी चौगुले. त्या घावासरशी मी कुणाचा तरी झालो. पण पिराजी मला कधी भेटले नाहीत. मी तयार होण्याआधीच त्या लढाईत ते गेले होते.

मग मी डाकेनं आलो. हातकणंगल्यापासून तासाभराच्या चालीवर आमचं गाव आहे. तिथं पिराजींच्या पत्नी अंबूबाई यांनी पुडकं फोडलं. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी मला उलटसुलट करून बघितलं, पदरानं पुसलं आणि सरळ देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं. आमच्याकडं देव्हाऱ्यात देवांचे टाक असतात, चांदीच्या पत्र्यावर उठवलेल्या छोट्या मूर्ती. घरातला कुणी लढाईत पडला असेल तर त्या वीराचाही टाक करतात. अंबूबाईंना तो करायची गरजच पडली नाही. सरकारनंच करून पाठवला, असं त्या म्हणायच्या.

महिन्याभरात माझा जुळा आला. पिराजींचे थोरले भाऊ बाळासो त्याच पलटणीत हवालदार होते. ते सुटीवर आले तेव्हा त्यांनी आपला बिल्ला खुंटीला अडकवला आणि विसरून गेले. पोरं त्याच्याशी गोट्यांसारखं खेळायला लागली, तेव्हा अंबूबाईंनी तोही उचलून माझ्या शेजारी ठेवला. उजवीकडं मी, डावीकडं तो. भाऊ भावाजवळ असलेला बरा, एवढंच त्या म्हणाल्या.

पुढची पंचवीसेक वर्षं माझी फार सुखात गेली. देव्हाऱ्याची भिंत आणि मारुतीच्या देवळाची भिंत, मधे फक्त एक बोळ. चैत्रात देवळात सप्ताह बसायचा. कीर्तनकार बुवा उपरणं कमरेला बांधून उभे राहिले, मृदंगावर पहिली थाप पडली, की आमचा सगळा देव्हारा कान देऊन बसायचा. देवांचं एक ठीक आहे, तिथं त्यांचंच कौतुक चाललेलं असायचं. पण मलाही ओढ लागायची, कारण माझे पिराजी त्याच देवळात टाळकरी होते. बुवांच्या मागं उभे राहून, पाय न थकता, डोळे मिटून टाळ वाजवायचे म्हणे. अंबूबाई काम करता करता हे गावातल्या बायकांना सांगायच्या आणि मी ऐकायचो.

बाळासो मात्र कीर्तनाला कधी गेले नाहीत. फौजेतून कायमचे घरी आले तरी नाही. देवळात टाळ वाजायला लागला, की ते कोयता घेऊन उसाच्या रानाकडं निघायचे. त्यांच्या पत्नी चिमणाबाई दारातून ओरडायच्या, ‘‘पाकिस्तानला भ्याला न्हाईसा, अन् मृदंगाला भेता व्हय ओ?’’ बाळासो तोवर बोळाबाहेर पडलेले असायचे. धाकट्या भावाचं नावसुद्धा त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. लोक म्हणायचे, गडी नास्तिक झाला.

मित्रांनो, आता माझ्या कडेचं सांगतो. दर सोमवारी आणि सणाच्या आदल्या दिवशी देव उजळायचे असत. अंबूबाई परातीत टाक घ्यायच्या, त्यांत आम्ही दोघं. लिंबाची फोड, रांगोळीची पूड, काथ्या. आधी पुढची बाजू घासायच्या, मग पाठ आणि शेवटी कड, अंगठ्याच्या नखावर काथ्या धरून. कडेवर जिथं अक्षरं होती, तिथं काळपट रेघा दिसायच्या. अंबूबाईंना वाटायचं, मळ बसला. ‘‘कितीबी घासा, हितलं काळं काय निघत न्हाई,’’ म्हणत त्या आणखी जोर लावायच्या. वर्षाला एखाद्या अक्षराचा पाय जायचा, कधी डोकं. शेवटी काळं निघालं. त्या सोमवारी अंबूबाई काय खूष झाल्या होत्या!

एकोणीसशे नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात कारगिलची लढाई झाली. घराघरांत रेडिओला कान लागले. त्या साली पंधरा ऑगस्टला शाळेच्या गुरुजींनी ठरवलं, की गावातल्या जवानांच्या वस्तू पोरांना दाखवायच्या. अंबूबाईंचा मुलगा कृष्णात याची दहा वर्षांची मुलगी क्रांती आम्हाला न्यायला आली. तिनं आम्हा दोघांना एकाच रुमालात बांधलं आणि उड्या मारत शाळेत नेलं. त्या गाठोड्यात आम्ही इतके उलटेपालटे झालो, की उजवा-डावा काही उरला नाही.

गुरुजींनी मला उजेडात धरलं. कड फिरवली. जुळ्याचीही फिरवली. मग म्हणाले, ‘‘क्रांती, नाव कडेला असतंय गं. ह्याच्यावर काहीच कसं न्हाई? ह्यातला तुझ्या आज्जाचा कुठला?’’

क्रांती रुमाल घेऊन घरी पळत आली. ‘‘आज्जे, आज्जाचा बिल्ला कुठला? अन् कडेवरचं नाव कुठं गेलं?’’

‘‘कसलं नाव?’’ अंबूबाई म्हणाल्या.

‘‘कडेला असतंय म्हणे, बारीक.’’

अंबूबाईंनी आम्हा दोघांना तळहातावर घेतलं. मग आपल्या अंगठ्याकडं बघितलं. ‘‘ते काळं...’’ म्हणाल्या आणि तिथंच भिंतीला टेकून बसल्या.

त्या दिवसानंतर त्यांनी आम्हाला कधी घासलं नाही. नुसतं दुरून फूल वाहायच्या. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, ‘मी तुमचा! हा बघा, मी!’ पण मित्रांनो, आमच्या जातीला तोंड नसतं. कडेवर असतं तेवढंच बोलणं. तेही गेलं होतं.

दोन वर्षांनी कृष्णातला जयसिंगपूरच्या एका दुकानात दिवाणजीची कायमची नोकरी लागली. तिथंच खोली घेतली. आईला घेऊन जायचं ठरलं. भांडीकुंडी बांधून झाली. जायच्या दिवशी दुपारी सगळे देव्हाऱ्यासमोर जमले, कारण अंबूबाई उठेनात. त्यांना नवऱ्याचा बिल्ला हवा होता. लग्नातला फोटो नव्हता, कपडे केव्हाच विरले होते. पिराजींचं म्हणून त्यांच्याकडं जगात एवढंच राहिलं होतं, आणि त्यातलं कुठलं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

कृष्णात म्हणाला, ‘‘आई, गाडी चुकंल. दोन्ही घिऊन जाऊ या.’’

‘‘आन् भावजींचं? त्यांनी काय लढाई केली न्हाई व्हय?’’ अंबूबाई म्हणाल्या.

चिमणाबाईंनी तोड काढली. देवाला दोन्हीकडं फूल चिकटवायचं आणि कुठलं आधी पडतं ते बघायचं, याला आमच्याकडं कौल लावणं म्हणतात. ‘‘मारुतीला कौल लावू की. उजवं पडलं तर ह्यो, डावं पडलं तर त्यो. हाय काय अन् न्हाई काय!’’

‘‘नगं अक्का,’’ अंबूबाई म्हणाल्या. ‘‘घासलं मी, आन् जाब देवानं द्यायचा व्हय? त्याला कशाला अडचणीत घालायचं?’’

चिमणाबाईंना हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही. तेवढ्यात उंबऱ्यावर बसलेले बाळासो बोलले, खाली जमिनीकडं बघत.

‘‘अंबू, बिल्ल्याचं मलाबी ठावं न्हाई. पर पिराचं ठावं हाय. ते घिऊन जा.’’

तीस वर्षं बंद पडलेली मोट चालू व्हावी, तसे ते आधी अडखळत आणि मग एका ओघात बोलत राहिले. पिराजी खंदकात रोज सांजेला जेवणाच्या डब्यावर ठेका धरून अभंग म्हणायचे. शेजारच्या पलटणीतल्या पंजाबी पोरांना शब्द कळायचा नाही, तरी ‘‘और एक, और एक’’ म्हणून बसायची. एकदा गोळीबार चालू असतानाही म्हणत होते. बाळासो रागावले, तर पिराजी म्हणाले, ‘‘दादा, बुवा काय मधीच थांबत्यात व्हय?’’ हे सांगताना बाळासो पहिल्यांदाच हसले.

‘‘पहाटं टेलिफोनची तार तुटली. कुणाला तरी धाडायचं हुतं. नावं मी घ्यायची हुती. पिराला मागं ठिवला असता, तर पोरं म्हणली असती, हवालदारानं भाऊ राखला. म्हणून पयलं नाव त्येचं घ्येतलं. अंबू, त्याला मीच धाडलंतं. तार जोडली त्येनं. येताना गोळा पडला. म्याच उचलून आणला. तिथंच अग्नी दिला.’’ मग ते म्हणाले, ‘‘टाळ वाजला की मला त्यो डबा ऐकू येतोय. देवळात कसा येऊ?’’

अंबूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

‘‘भावजी,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तुमी आलासा ते बरं झालं. दोघंबी गेला असतासा, तर ह्ये मला कोण सांगणार हुतं?’’

बाळासो हुंदके देऊन रडले. मित्रांनो, मी पुष्कळ कीर्तनं ऐकली. बुवा कथेच्या शेवटाला आले की सगळी सभा एका जागी विरघळते, ते मला माहीत आहे. त्या दुपारी तसंच झालं, नुसते टाळ तेवढे नव्हते. क्रांती कोपऱ्यात बसून शाळेच्या वहीत लिहीत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तारीख, थोरल्या आज्जाचं नाव, डबा, पंजाबी पोरं, तार, सगळं.

मग अंबूबाई शांतपणे उठल्या. ‘‘आता कुठलाबी चालंल,’’ म्हणाल्या. हात पुढं केला. हात माझ्या अंगावरून गेला आणि त्यांनी जुळ्याला उचललं.

मी बाळासोंच्या घरी राहिलो. खोटं कशाला बोलू, पहिली दोन-तीन वर्षं मी देवावर रुसलो होतो. पण पुढच्याच चैत्रात बाळासो देवळात गेले. नंतर दरवर्षी जायचे, अगदी मागं खांबाजवळ बसायचे. घरी आले की देव्हाऱ्यापुढं उभे राहायचे. मला आपला समजून माझ्याकडं लक्ष द्यायचे नाहीत, पण उभे तिथंच असायचे.

दोन हजार सात साली बाळासो गेले. गाव लोटला. आसपासच्या खेड्यांतले निवृत्त जवान टोप्या घालून आले. ट्रॅक्टरची ट्रॉली फुलांनी सजवली. चिमणाबाई म्हणाल्या, ‘‘त्यांचा बिल्ला लावा की रं छातीवर.’’ नातवानं, राजवीरनं, मला नव्या फितीत अडकवून बाळासोंच्या छातीवर लावलं.

मिरवणूक निघाली. पुढं भजनी मंडळ. त्यात तीन म्हातारे होते, जे तरुणपणी पिराजींच्या शेजारी उभे राहून टाळ वाजवायचे. जयसिंगपूरहून आलेल्या अंबूबाई बायकांत चालत होत्या. बोळातून, देवळावरून, शाळेवरून आम्ही गेलो. गावानं हात जोडले, जवानांनी सलाम ठोकला. पिराजींना गावातून असं कुणी नेलं नव्हतं. ते परमुलखात, एका थंड पहाटेनंतर, भावानं दिलेल्या अग्नीत गेले होते. आज ते त्याच भावाच्या छातीवर बसून, टाळांच्या मागून, आपल्या गावातून चालले होते. आणि हे फक्त मला ठाऊक होतं. माझा रुसवा तिथंच संपला. अग्नी द्यायच्या आधी राजवीरनं मला काढून घेतलं.

आता मी बाळासोंच्याच घरी काचेच्या पेटीत आहे. खाली क्रांतीच्या सुंदर अक्षरात चिठ्ठी आहे, ‘हवालदार बाळासो चौगुले यांचे पदक’. पोरीची काही चूक नाही. कुठला कुणाचा, हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी फौजी पेटी, पट्टा, टोपी, पत्रांची चवड, माझ्यासारखा एखादा बिल्ला असेल. त्याला मऊ कापडानं पुसा, घासू नका. आणि तो कुणाचा, कुठून आला, हे घरातल्या थोरांना आजच विचारा. ती माणसं गप्प बसली तर जवळ बसून राहा. ती बोलायला लागली की वही काढा. प्रेमानं केलेल्या कामातसुद्धा नाव पुसलं जातं, हे मी माझ्या अंगावर सोसलं आहे.

आणि एक करा. मी सिपाही पिराजी चौगुले यांचा आहे. एवढं कुठंतरी लिहून ठेवा.