डालग्याखालून दिसलेला उत्तर ध्रुव

मी थेट उत्तर ध्रुवाहून आलेलं बदक बोलतोय! पंखांची शपथ, सांगतो त्यातलं एक अक्षर खोटं नाही. फार तर पाच-पंचवीस असतील.

माझा जन्म बर्फात. तिथल्या समुद्राभोवती आठ देश आहेत. बर्फ वितळतोय, पाणी उघडं पडतंय, आणि जो तो जहाजांच्या नव्या वाटांवर डोळा ठेवून! आठांची एक परिषद आहे. आठही राजी झाले, तरच निर्णय. आपल्या भारतालाही तिथं बसायला जागा आहे, मत मात्र नाही. मग आठांतल्या एकानं शेजाऱ्यावर युद्ध पेटवलं. बाकी सातांनी त्याच्यासोबत बसणं थांबवलं, कामं अडली, पहारे वाढले. मी एका पाणबुडीशी शर्यत लावली, जिंकली आणि सानगडी गावाजवळच्या तलावात उतरलो.

बघतो तर इथंही तेच! पाणी मागं सरकलं, की उघड्या गाळात टेकचंद शेतकरी काकड्या लावतो. पाण्यात सत्यभामाबाईच्या मासेमार सोसायटीची जाळी. मी सापडलो तो नेमका काठावर, एक पाय गाळात, दुसरा जाळ्यात.

"माह्या वाडीत घुसलं, माहं हाय," टेकचंद म्हणाला.

"अन् जाळं कोनाचं फाडलं?" सत्यभामाबाई कडाडली. " उद्या माहा जावई येऊन राहिला. रस्सा करतो याचा."

"जावयाले वांगे चार ना!"

मला डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपलीखाली झाकून तलावाच्या पाळीवर, बांधावर, गावाची बैठक बसली. तिथला रिवाज असा, की एक जरी घर उठून गेलं तरी निकाल नाही. आणि निकाल लागेपर्यंत ना जाळं टाकायचं, ना शेताला पाणी सोडायचं. टेकचंद तणतणत उठून गेला. मी आत नाचलो! एका रिकाम्या जागेनं माझी मान वाचवली होती.

तीन दिवस गेले. जावई वांगी खाऊन परतला. जाळी कोरडी पडली, काकड्या माना टाकू लागल्या. चौथ्या सकाळी सत्यभामाबाई टेकचंदच्या दारात उभी.

"भाऊ, चाल ना. कायले साऱ्या गावाले वाळवून राहिला?"

"कोनी बलावाले तं याव ना, बाई!"

सगळी घरं पुन्हा बसली. आता एकी झाली, म्हणजे माझा रस्सा!

सगळ्यांत म्हाताऱ्या आनंदाबाईनं विचारलं, "दोघायचं हाय म्हनता ना? मंग एकट्याले कापता येत नाही. सोडा त्याले."

टेकचंदनं डालगं उचललं. पायात अडकलेला जाळ्याचा दोरा सत्यभामाबाईनं सोडवला. मी पाण्यात!

आता कबुली देतो. ध्रुव मी पाहिलेला नाही. मी आंधळगावच्या बाजारातलं, पिंजऱ्यातून सटकलेलं बदक. डालग्याखाली जुना पेपर अंथरला होता, त्यात त्या आठांची बातमी होती. तीन दिवस दुसरं वाचणार काय? तेव्हा बर्फातला जन्म खोटा, पाणबुडीही खोटी. पण सत्यभामाबाई आधी दारात गेली, ते खरं. म्हणून तर मी बोलायला उरलोय.