लाकडी इंजिनाचा नैवेद्य

इंजिन-दुरुस्तीच्या परीक्षेत लुह रस्मिनी दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली की शाळेतून नावच कमी होणार. आणि हातात कागद नसलेल्या बाईला बालीजवळच्या पेनिदा बेटावर कोण आपल्या बोटीच्या इंजिनाला हात लावू देणार? परक्यांचं सोडा, घरच्या बोटीकडे नुसतं पाहिलं तरी सासूबाई डोळे वटारत.

शाळा दूर सुराबाया शहरात, ही बेटावर. म्हणून शाळेनं सहा लाकडी ठोकळे धाडले होते, प्रत्येकावर वेगळी काळी नक्षी. ते टेबलावर मांडून वर फोन लावला की पडद्यावर एकाचा पिस्टन दिसे, दुसऱ्याचा व्हॉल्व. जुळणी बरोबर असली तर इंजिन धडधडे, चुकली तर ढिम्म. पलीकडे परीक्षा घेणाऱ्या बाग्यो सरांनाही तेच दिसे.

परीक्षा दहाला होती, वीस मिनिटांची. पावणेदहाला तिनं फोन स्टँडला लावला, तर पडद्यावर नुसतं लाकूड! नक्षीवर तांदळाचे दाणे चिकटवलेले. आज तुंपेक लांडेप, लोखंडी हत्यारांच्या पूजेचा दिवस. सासूबाईंनी पहाटेपासून कोयता, स्कूटर, शिवणयंत्र, काही म्हणून सोडलं नव्हतं.

"मेमे, अहो आई, हे लाकूड आहे! आज लोखंडाचा मान!"

"आत इंजिन दिसतं ना? मग? इंजिन काय केळीच्या खुंटाचं असतं?"

लुहनं फडकं उचललं.

"खबरदार! देवाचे तांदूळ पुसतेस?"

"मग होऊ नापास?" तिचा आवाज चिरकला.

सासूबाईंनी फडकं तिच्या हातातून काढून घेतलं. मग खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "पुसायचे नाहीत. खायचे. चल, लाग कामाला."

दाणे वाळून घट्ट बसले होते. दोघी नखांनी खरवडून तोंडात टाकत होत्या, तेवढ्यात दहाच्या ठोक्याला पडद्यावर सर अवतरले.

"रस्मिनीबाई, परीक्षेत न्याहारी?"

"सर, इंजिनाचा नैवेद्य संपवतोय."

"संपवा सावकाश. माझं घड्याळ मात्र सुरू झालंय."

विसातली अकरा मिनिटं दाण्यांतच गेली. मग लुहनं ठोकळे भराभर मांडले. इंजिन ढिम्म. ती ठोकळ्यांवर वाकली. एकेका ठोकळ्यावरून बोट फिरवत गेली, व्हॉल्वपाशी थांबली. उलटा बसला होता! तिनं तो फिरवला आणि पडद्यावर इंजिन धडधडलं.

"पास," सर म्हणाले.

लुह ओंजळीत तोंड लपवून रडली. सासूबाई ताडकन उठल्या. त्या दारात गेल्या आणि किनाऱ्यावर बंद पडलेलं इंजिन होडीत चढवणाऱ्या शेजाऱ्यावर ओरडल्या, "अरे, ते धूड बालीला कशाला नेतोस? माझी सून आहे इथं! आण इकडं, आणि रांगेत ठेव. पहिला नंबर आमच्या बोटीचा!"